सोप्यातला मुक्काम

निघायच्या पंधरा दिवस आधी मी चार फोन केले. कऱ्हाडला चुलतभावाकडे, शिरोळ तालुक्यात मामाकडे, बेळगावला मावशीकडे आणि कुडाळजवळ आत्याकडे. चारही ठिकाणी एकच गोष्ट बोलले. "आम्ही दोघं येतोय, बरोबर ठकी आणि बंड्या आहेत. कुत्री घरात चालणार नसतील तर मोकळेपणानं सांगा, मुक्कामाचं आम्ही दुसरीकडे बघू. पण भेटायचं नक्की." एवढं बोलायचं धाडस व्हायला मला चार वर्षं लागली.

चार वर्षांत आम्ही कुठल्याच नातेवाइकाकडे राहायला गेलो नव्हतो. लग्नकार्याला सकाळी निघायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि रात्रीच्या आत पुण्याला परत. एकदाच दोघांना पाच दिवस सांभाळायला ठेवलं होतं. तिथल्या लोकांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही, पण ठकीनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. ती आमच्याच गल्लीतली, आता अकरा वर्षांची, मागच्या पायांचे सांधे धरलेले. आणायला गेलो तेव्हा माझ्याकडे न येता ती सरळ गाडीत चढली आणि घर येईपर्यंत काचेकडे तोंड करून बसली. तिला मागे ठेवून जायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं. रेल्वेचा विचार करून पाहिला. पण कुत्रं बरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्याकडे हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ठकीला त्या पेटीत घालायची माझी तयारी नव्हती. राहिली आमची गाडी.

डिसेंबर मुद्दाम निवडला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम सुटत नाही, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढतं. बंद गाडी तर दहा-पंधरा मिनिटांत तापते, मग ती झाडाखाली का उभी असेना. त्यामुळे थंडीतही आम्ही एक नियम पाळला. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं दोघांना घेऊन बाहेर उभं राहायचं. सामानात त्यांच्या गोधड्या, घरचं पाणी, गोचीड काढायचा चिमटा आणि लसीकरणाच्या वह्या.

पहाटे पाचला निघताना बंड्याला मी दहीभाकरी घातली. लांबचा प्रवास, उपाशी कसा राहील, ही माया. पुण्याहून जाताना खंबाटकीचा बोगदा मिळाला नाही, घाटच चढावा लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ती सगळी दहीभाकरी सीटवर आली. पुढच्या प्रत्येक सकाळी निघायच्या आधी तीन-चार तास त्याला काही दिलं नाही, नुसतं पाणी. मग आंबोलीपर्यंत एकदाही त्रास झाला नाही.

कऱ्हाडच्या वहिनीनं फोनवरच नाही म्हटलं होतं. "ताई, राग मानू नका, पण कुत्री घरात नको. धाकटीला दमा आहे, केसांनी उठतो." मला एक क्षण वाईट वाटलं, आणि मग फार बरं वाटलं. कारण लोक बहुधा "या की" म्हणतात आणि मग दोन दिवस सगळं घर अंग चोरून वावरतं. वहिनीनं माझ्यावर विश्वास टाकून खरं सांगितलं. हायवेवरच्या दोन लॉजनी कुत्री बघून मान हलवली, तिसऱ्यानं तळमजल्याची खोली दिली.

संध्याकाळी सगळे प्रीतिसंगमावर भेटलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या बाजूला कुत्री न्यायची नव्हती, म्हणून आम्ही खाली पाण्याजवळ सतरंजी टाकली. वहिनी मोठा डबा घेऊन आली होती. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या भाकऱ्या, वर कापडात बांधलेला कांदा. कांदा तेवढा मी लांब ठेवला, कुत्र्यांच्या रक्ताला तो बाधतो. धाकटी दहा-बारा पावलांवर उभी राहून चेंडू फेकत होती, खिशात तिचा पंप होता. बंड्या चेंडू आणून तिच्यापासून लांबच टाकायचा, कारण मी तशी हाक देत होते. तीन-चार वेळा झाल्यावर त्याला हाकेची गरज उरली नाही.

भाऊ पायरीवर बसून नदीकडे बघत काकांच्या शेवटच्या महिन्याबद्दल बोलायला लागला. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा दहाव्याला येऊन गेले होते, त्या दिवशी हॉलमध्ये वीस माणसं होती आणि भाऊ सगळ्यांना चहा मिळाला का, हेच बघत होता. आज अंधार पडेपर्यंत तो बोलत राहिला. काकांना शेवटी गिळता येत नव्हतं आणि हा त्यांना चमच्यानं उसाचा रस पाजायचा, ही गोष्ट त्यानं वहिनीलाही कधी सांगितली नव्हती.

मामाचं उत्तर अगदी उलट होतं. "घेऊन ये की. इचारतीस काय? शिवार एवढं मोठं हाय." मामाकडे वाघ्या आणि राजा अशी दोन कुत्री आहेत, लांब तोंडाची, खपाटीला पोट गेलेली, पश्मीच्या रक्ताची. पलीकडे बागलकोटकडे जी मुधोळची कुत्री म्हणून ओळखली जातात आणि ज्यांच्यावर 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं, त्यांचे हे भाऊबंद. या शिकारी कुत्र्यांची नजर फार लांबचं टिपते. आमची गाडी फाटकातून आत आली तेव्हाच त्या दोघांनी काचेतून बंड्याला हेरलं असणार. आणि मी दार उघडलं.

पुढचं एक मिनिट मला आजही नीट सांगता येत नाही. धुरळा, दात, बंड्याची किंकाळी. मामानं पाण्याची बादली तिघांवर उपडी केली तेव्हा ती सुटली. बंड्याचा डावा कान टोकापासून इंचभर फाटला होता. चूक सर्वस्वी माझी होती. मामा रागावला नाही, नुसतं म्हणाला, "तू एकदम दारात उतरवलंस बघ. दार राखायचं म्हणूनच तर ती हायत."

कान त्यानं नळाखाली धरला आणि अंगाचा साबण लावून पंधरा मिनिटं धुतला, घड्याळ लावून. चाव्याला पहिलं औषध तेच. मामी हळद घेऊन आली, तिला त्यानं थांबवलं. मी विचारलं, यांना रेबीजची लस कधी दिली होती? मामा आठवत राहिला. दोन वर्षं झाली असावीत, कदाचित तीन. बंड्याची लस चालू होती, पण लस झालेल्या कुत्र्यालाही असा चावा झाला की पुन्हा एक डोस लगेच द्यावा लागतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की तो जवळपास नेहमीच जीव घेतो, कुत्र्याचा आणि माणसाचाही. त्यामुळे तासाभरात आम्ही तिघांना घेऊन जयसिंगपूरला डॉक्टरांकडे होतो. बंड्याला टाके आणि डोस, वाघ्या-राजाला लस. डॉक्टरांनी दहा दिवस त्या दोघांवर लक्ष ठेवायला सांगितलं. पुढच्या दहाही सकाळी मामाचा फोन आला, "दोघंबी जेवल्यात."

दुसऱ्या दिवशी ओळख नव्यानं करून दिली, मामाच्या पद्धतीनं. घरापासून लांब, कुणाच्याच मालकीचा नाही असा कॅनॉलचा रस्ता. एका कडेनं मामा वाघ्या-राजाला घेऊन, दुसऱ्या कडेनं आम्ही. समोरासमोर आणायचं नाही, सगळ्यांनी एकाच दिशेला चालत राहायचं. सुरुवातीला मध्ये अख्खा रस्ता होता, परत येताना हातभर अंतर. फाटकातून आत जाताना मामानं बंड्याला पुढे घातलं आणि आपली दोघं मागून आणली. ठकी या सगळ्यात कुठेच नव्हती. ती उसाच्या पाचटावर ऊन खात पडली होती, आणि वाघ्यानं येऊन तिचं तोंड हुंगलं तेव्हा तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मामाच्या रानाच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. बांबू, ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्या, वाकूनच आत शिरावं लागेल एवढ्या. एका टायरगाडीखाली पिवळसर रंगाचं कुत्रं बांधलेलं होतं, गळ्यात लाल चिंध्यांची वेणी घातलेला पट्टा. मी तिथल्या बाईंना विचारलं, हे इथलंच का? त्या चूल सारवत होत्या. म्हणाल्या, "न्हाई, गावावरनं आणलंय, ट्रकात. आमी समदे हिकडं. गावात म्हातारी माणसं. त्येला कोण घालणार तुकडा?" टोळी पहाटे तीनला फडात जाते तेव्हा कोपीत लहान पोरं झोपलेली असतात आणि बाहेर ते कुत्रं. सहा महिने इथे, मग बैलं, शेळ्या, भांडी आणि कुत्रं, सगळं पुन्हा ट्रकात. आम्ही किती तयारी केली होती, गोधड्या, वह्या, याद्या. त्या बाईंनी आपलं कुत्रं भाकरीच्या टोपलीइतक्या सहज बरोबर घेतलं होतं. मी बंड्याच्या डब्यातलं खाणं त्याला घालू का, असं विचारलं. त्यांनी आधी मला चहा दिला, मग हो म्हणाल्या.

मामाकडून निघताना नृसिंहवाडीला बाहेरूनच नमस्कार केला. घाटावर दत्ताच्या तसबिरी विकायला होत्या, पायाशी चार कुत्री, मागे गाय. मावशीसाठी एक घेतली.

मावशीचं घर बेळगावात शहापूरला आहे, जुनं, दोन चौकांचं. वय अठ्ठ्याहत्तर. फोनवर तिनं सांगितलं होतं, "सोप्यापर्यंत येऊ देत. आत नको गं, माझं सोवळं असतंय." घरात शिरलं की पहिला तो सोपा. दगडी जोतं, लाकडी खांब, एका अंगाला झोपाळा. पुण्यात याला कुणी ओसरी म्हणेल, कोकणात पडवी. आमच्या फ्लॅटला यातलं काहीच नाही. दार उघडलं की तुम्ही एकदम हॉलमध्ये, सोफ्यावर, घराच्या पोटात. आत घ्यावा का बाहेरूनच बोलून पाठवावा असा जो कोणी असेल, वासुदेव, तहानलेला वाटसरू, नाहीतर कुत्रं, त्याच्यासाठी फ्लॅटमध्ये जागाच काढलेली नाही. म्हणून मग होकार किंवा नकार एवढंच उरतं.

आम्ही दोघांनी सोप्यातच अंथरूण टाकलं. मावशीला ते आवडलं नाही, "तुम्ही आत झोपा की, माणसं ती माणसं," असं ती दोनदा म्हणाली. पण ठकीला शहाबादी फरशीचा गारठा सोसत नाही, रात्री तिचे पाय चोळावे लागतात. नऊच्या सुमाराला मावशी आतलं सगळं आवरून बाहेर आली आणि झोपाळ्यावर बसली. सोवळ्यातून उतरलेली, अंगावर शाल. बराच वेळ ती ठकीकडे बघत होती. मग विचारलं, "हिचा कान कुणी कापला गे?"

ठकीच्या कानाचा कोपरा नेमका कापलेला आहे. मी सांगितलं की ती खूण आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लस झाली की कानाला तशी खाच करतात आणि पकडलं तिथेच परत सोडतात. 2001 मध्ये केंद्राचे तसे नियम आले. "म्हणजे मारत नाहीत आता?" मावशीनं विचारलं. मी म्हटलं, नाही, मारायची परवानगी नाही.

ती झोपाळा पायानं थांबवून म्हणाली, "तांबूचं तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही काय गे तुला?"

आईनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी लहानपणी कितीदा हट्ट केला, रडले, जेवले नाही. आईचं एकच उत्तर, घरात कुत्रं नको. मी ते स्वच्छतेच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं. ठकी आमच्याकडे आली ती आई गेल्यानंतर.

बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आई तेव्हा बारा वर्षांची, मावशी दहाची. तांबू याच सोप्यात झोपायचा, त्या उजवीकडच्या खांबापाशी. आईच्या मागे शाळेपर्यंत जायचा आणि घंटा झाली की परत यायचा. त्या काळी गावोगाव भटकी कुत्री विष घालून मारत. मांसाच्या तुकड्यात कुचल्याचं विष घालून पहाटे टाकत जायचे. गळ्यात पट्टा असला की सोडायचे. रविवार होता. आईनं तांबूला न्हाऊ घातलं आणि पट्टाही धुऊन दांडीवर वाळत घातला. सकाळी तो ओलाच होता म्हणून तिनं घातला नाही.

मावशीनं पुढचं फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की तो सोप्याच्या पायरीपर्यंत आला होता, आणि पट्टा कितीतरी दिवस दांडीवरच होता, काढायचं धाडस कुणाला झालं नाही. मग आजोबांनी कधीतरी काढला.

मी ठकीचे पाय चोळत होते, माझे हात थांबले नाहीत, थांबवता आले नाहीत. आई मला उठता-बसता आठवते, पण बारा वर्षांची आई मी त्या रात्री पहिल्यांदा बघितली. मावशी उठून आत गेली तेव्हा साडेबारा वाजले होते. सकाळी तिनं अंघोळीनंतर आमच्यापासून चार हात लांबून देवघर गाठलं, रोजच्यासारखं. तसबीर तिनं सोप्यातल्या उजव्या खांबावर लावायला सांगितली.

बेळगाव सोडल्यावर आंबोलीपर्यंत रस्ता सावलीचा, आणि मग घाटातून सावंतवाडीकडे उतार. हवा बदलते ती कुत्र्यांना आपल्या आधी कळते. बंड्या नाक वर करून उभा राहिला तो कुडाळपर्यंत बसला नाही.

आत्याच्या घराकडे मी सगळ्यात निश्चिंत मनानं चालले होते. लहानपणापासून तिथे कुत्री बघितलेली, शेणानं सारवलेल्या खळ्यात झोपणारी. दिवसा माडाखाली, रात्री पडवीच्या पायरीवर. फोनवर ती म्हणाली होती, "घेवन ये, इचारतंस काय?" पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. मी सवयीनं दोघांना पडवीच्या खांबाला बांधायला लागले, तर आत्या आतून धावत आली.

"भायर बांधू नको गो. वाघ फिरता."

तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "काळूक नेल्यान. चतुर्थी झाली आणि आठ दिसांनी. खळ्यातसून." ती खळ्याच्या कडेला गडग्याकडे, दगडी कुंपणाकडे, बोट दाखवत होती. तिथे एका खुंटाला रिकामी साखळी तशीच होती आणि गडग्यावर जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी पालथी ठेवलेली. बिबट्याला कुत्रं हे सोपं खाद्य. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले इथे त्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्याच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचाच निघाला होता. हे मी वाचलेलं होतं. पण खुंटाला लटकलेली साखळी बघणं वेगळं. बांधलेला होता म्हणून काळू पळूही शकला नाही, हे आत्यानं मला सांगितलं नाही, पण तिनं त्यानंतर कुत्रं आणलेलं नाही.

त्या रात्री आम्ही सगळे माजघरात झोपलो. आत्या, आम्ही दोघं, ठकी, बंड्या, आणि दारं लावून आतून आडणे घातलेले. ज्या घरात कुत्र्यानं उंबरा कधी ओलांडला नव्हता, तिथे ठकी आत्याच्या चटईच्या कडेला गोधडीवर होती. आत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. गुरं वाड्यात घेतो तशी कुत्री आत घेतली.

दोनच्या पुढे कधीतरी ठकी गुरगुरायला लागली. भुंकत नव्हती, छातीतून खर्जात आवाज काढत होती. बंड्या माझ्या पांघरुणात शिरला, तो थरथरत होता. बाहेर काजूच्या बाजूला भेकर ओरडलं, एकदा, मग पुन्हा, मग लांबून. आत्या उठून बसली, दिवा लावला नाही. अंधारात तिचा हात ठकीच्या पाठीवर फिरताना ऐकू येत होता. "उगी राव," ती म्हणत होती. "उगी राव बाय."

सकाळी खळ्यात काही दिसलं नाही, सारवलेल्या कडक जमिनीवर ठसा उठत नाही. आत्या मला मागे माडांपाशी घेऊन गेली. आदल्या संध्याकाळी पाणी घातलेलं एक आळं, आणि त्याच्या ओल्या कडेवर एक पाऊल. गोल, चार बोटं, मागे रुंद गादी, नखांची खूण कुठेच नाही. वितीभर अंतरावर ठकीचं कालचं पाऊल होतं, लांबट, प्रत्येक बोटापुढे नखाचा ठिपका. आत्या दोन्ही ठशांकडे वाकून बघत राहिली. मग वनरक्षकाला दाखवायचा म्हणून त्या मोठ्या ठशावर तिनं हारा पालथा घातला आणि वर दगड ठेवला.

घराकडे येताना तिनं गडग्यावरची जर्मनची थाळी उचलली, विहिरीवर घासली. चुलीवर उकड्या तांदळाची पेज होती. आम्हाला वाढायच्या आधी तिनं थाळीत पेज ओतली, मीठ घातलं नाही, बोट बुडवून ती निवली का बघितलं आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवली.

"ये गो," तिनं ठकीला हाक मारली.